‘शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के’ : एक खुलासा

इंदूरमध्ये मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांत आणि आपल्या मराठी मंडळींच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांत हमखास सांगितले जाते की, संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे आकडे कपोलकल्पित नाहीत. त्यांचा अर्थ मात्र पार बदलून गेला आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द आवडीच्या, नावडीच्या आणि तटस्थ स्वरात ऐकवून सोबत तशाच मुद्रांची छायाचित्रे दाखवली आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी कोणता भाव असावा, एवढेच विचारले. हे सूत्र या दोहोंच्या जोडणीतून निघाले. त्यातले ५५ टक्केही चेहऱ्याचे आहेत. हातवारे, बसण्याची ढब यांची तपासणी झालीच नव्हती.

रामबागेतल्या आजींनी कपाळाला आठ्या घालून ‘बसा ना, घाई कसली?’ म्हटले, तर पाहुणा आठ्यांवरच विश्वास ठेवतो. अभ्यासाचा निष्कर्ष इतकाच. त्याच आजी सराफ्याचा रस्ता सांगू लागल्या, तर शब्दांवाचून पाहुणा राजवाड्यापर्यंतही पोहोचणार नाही. बोलणे भावना वा आवडीनिवडीविषयी नसेल, तर हे सूत्र लागू होत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. शिबिरांच्या तक्त्यांवर नेमकी हीच अट गळालेली असते.