आभासी संदर्भसेवा

आभासी संदर्भसेवा : ग्रंथालयात न येता वाचकाने ईमेल, चॅट, संकेतस्थळावरील प्रश्नपत्रक किंवा व्हिडिओ कॉलद्वारे विचारलेल्या प्रश्नाला संदर्भ ग्रंथपालाने त्याच मार्गाने उत्तर देण्याची सेवा. पलीकडे जाणता माणूस असतो, म्हणून ती शोधयंत्राहून वेगळी. टपालाने आणि टेलिफोनवर आलेल्या प्रश्नांना ग्रंथालये ही सेवा येण्याआधीही उत्तरे देतच होती.

ग्रंथपालाने वाचकाशी बोलून त्याला मदत करावी, हा विचार अमेरिकेतील वूस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्ये ठामपणे मांडला. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतील चौथा, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, हाही याच सेवेचा आधार. १९८४ मध्ये मेरिलंड विद्यापीठाच्या बाल्टिमोर येथील आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने ईमेलवरून प्रश्न घ्यायला सुरुवात केली. २००२ मध्ये अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस व ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी ‘क्वेश्चनपॉइंट’ ही सामायिक ऑनलाइन संदर्भसेवा सुरू केली. त्यातून एका ग्रंथालयाचा प्रश्न दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयाकडेही पाठवता येऊ लागला. इथे रात्र झाली तरी दुसरीकडे कुणीतरी कामावर असे.

या सेवेचा खरा कस लागतो तो संदर्भ मुलाखतीत, म्हणजे वाचकाला नेमके काय हवे ते विचारून घेण्याच्या संवादात. वाचक जे विचारतो ते त्याच्या गरजेचे तडजोड केलेले रूप असते, हे अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. ‘वारसा कायद्यावर पुस्तक आहे का?’ असे विचारणाऱ्याला कदाचित एकाच घराच्या वाटणीबद्दल जाणून घ्यायचे असते. समोर बसलेल्याचा चेहरा, त्याचे अडखळणे यांवरून ते उमगते. चॅटमध्ये हे काहीच दिसत नाही. उलट ग्रंथपाल शोधात गढला की वाचकाला वाटते, तो निघून गेला. म्हणून ‘शोधतो आहे, थांबा’ एवढे मध्येमध्ये कळवणे हा इथे केवळ शिष्टाचार नसून सेवेचाच भाग ठरतो. ईमेलमध्ये उलटप्रश्नाला एखादा दिवस लागू शकतो. त्यामुळे माहिती कशासाठी हवी, कधीपर्यंत हवी आणि आधी कुठे शोधले, हे प्रश्नपत्रकातच विचारलेले बरे.

बुजऱ्या, आजारी किंवा ग्रंथालयापासून दूर राहणाऱ्या वाचकांना ही सेवा मोठा आधार देते. मात्र संवादाची लेखी नोंद मागे राहते, त्यामुळे नाव-पत्ता काढून टाकणे आणि ठरावीक मुदतीनंतर ती पुसणे आवश्यक असते. काही सशुल्क माहितीसंच करारानुसार सभासदांपुरतेच खुले असतात. त्यांतला लेख बाहेरच्या वाचकाला पाठवता येत नाही.

पारंपरिक सेवेला जोड देताना वारंवार होणारी चूक म्हणजे संदर्भ टेबलावरच्या एकाच व्यक्तीकडे चॅटही सोपवणे. मग समोरचाही ताटकळतो आणि पडद्यावरचाही. दोन्हींसाठी वेगळ्या पाळ्या, पण उत्तरांचा साठा एकच, ही रचना अधिक टिकाऊ. हस्तलिखिते किंवा नियतकालिकांच्या जुन्या बांधीव फायली पाहायच्या असतील तर चॅटवरच्या वाचकाला टेबलाकडेच बोलवावे लागते. अशा वेळी आधीचा संवाद टेबलावरच्या ग्रंथपालाकडे पोचलेला असला की वाचकाला आपला प्रश्न पहिल्यापासून सांगावा लागत नाही.