दीड कोटींतला एक

मे महिन्यात पाणीकपात सुरू झाली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक वाद ठरलेला: बोअरिंगचं पाणी नुसतं फ्लशला वापरायचं की स्वयंपाकालाही? स्वयंपाकालाही वापरा म्हणणारे काका पेला उजेडात धरतात. "बघा, कसं काचेसारखं आहे!" आहे खरं. पण पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला (नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयुगाला) ना रंग, ना वास. उकळूनही ते जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतंच. गटारं झिरपली की सांडपाण्यातल्या अमोनियाचं मातीतले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते भूजलात उतरतं. तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्यानं घटते. म्हणून आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे बोअरच्या पाण्याची बाटली तपासायला माझ्याकडे आली.

काकांना जे काचेसारखं दिसतं, ते अतिनील प्रकाशाला डांबरासारखं असतं. मर्यादेइतकंच नायट्रेट असलेलं पाणी एक सेंटिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या चौकोनी पेल्यात, घ्या आणि त्यातून 203 नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण सोडा. दीड कोटी फोटॉनांतला (प्रकाशकणांतला) जेमतेम एक पलीकडे पोचेल! तेच पाणी 302 नॅनोमीटरवर पाहा, शंभरातले जवळपास नव्व्याण्णव आरपार जातात. नायट्रेट तेच, पण एका ठिकाणी भिंत आणि दुसऱ्या ठिकाणी विरलेला पडदा.

एवढा काळोख यंत्राला मोजता येत नाही. म्हणून मोजमाप शोषणाच्या शिखरावर (203 च्या आसपास) न करता त्याच्या उतारावर, 220 नॅनोमीटरला करतात. क्युव्हेट क्वार्ट्झचाच हवा, कारण साधी काच हा प्रकाश स्वतःच गिळते. तो धरायचा धुरकट बाजूंनी. चकचकीत बाजूला बोट लागलं तर बोटाचं तेलही प्रकाश शोषतं. विद्यार्थी इथे हमखास चुकतात.

खरी पंचाईत पुढे आहे. 220 ला प्रकाश कमी झाला, पण तो खाल्ला कोणी? पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही तिथे हात मारतात. मात्र ते 275 लाही प्रकाश शोषतात, आणि तिथे नायट्रेट जवळजवळ गप्प असतं. म्हणून नमुना गाळून, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, 275 ला मोजलेल्या शोषणाची दुप्पट 220 च्या शोषणातून वजा करतात. ही दुप्पट अनुभवातून आलेली आहे. सेंद्रिय पदार्थ फार असले तर ती फसते. किनाऱ्याजवळच्या खारट बोअरमध्ये समुद्राचं ब्रोमाइडही प्रकाशात वाटेकरी होतं.

नायट्राइट तर 210 च्या आसपास नायट्रेटच्या सावलीतच लपतं. त्यासाठी 1879 सालची पीटर ग्रीस यांची युक्ती अजून चालते. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. आजच्या पद्धतीत दोन अभिकारकं (ठरावीक रसायनं) घातली की नायट्राइट असलेलं पाणी गुलाबी होतं, आणि तो गुलाबीपणा 540 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात मोजतात. इथे साधी काच चालते.

आमच्या बोअरचा अहवाल बाहेरच्या प्रयोगशाळेतूनही आला. काकांनी नोटीसबोर्डवर लावताना आकड्याखाली लाल रेघ मारली: 10. "पंचेचाळीसची मर्यादा आणि आपलं दहाच!" मी चष्मा लावून एकक वाचलं. ते लिटरमागचे दहा मिलिग्रॅम नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचे होते. नायट्रेटमध्ये मोजले तर 44.