मरियम, मरीया, मेरी : एका नावाची पार्श्वभूमी

मिरजेतील एखाद्या मोठ्या दवाखान्यात सकाळी केसपेपरची खिडकी उघडल्यावर तासाभरात मरियमबी, मेरीबाई आणि मारिया अशा तिघींना हाका मारल्या जाणे यात काही नवल नाही, आणि त्यांच्यापैकी एखादीला सलाईन लावणारी केरळहून आलेली परिचारिका मरियम्मा असण्याचाही बराच संभव असतो. चौघींचे नाव एकच आहे. मात्र नोंदवहीत ती चार वेगळी नावे ठरतात, आणि तसे होण्यामागे मराठी छपाईत झालेल्या एका निवडीचाही वाटा आहे.

मूळ हिब्रू लेखनात या नावाची म-र-य-म एवढी चारच व्यंजने आहेत. अर्थाविषयी एकमत नाही. कोणी ‘कडवट’ म्हणतात, कोणी ‘बंडखोर’, तर नाईलकाठच्या जुन्या भाषेतील ‘प्रिय’ या अर्थाच्या शब्दाशी नाते जोडणाऱ्यांचा पक्ष आज अधिक वजनदार समजला जातो. लॅटिनमध्ये या नावाचा ‘समुद्राचा थेंब’ असा एक अर्थ दिला गेला होता. त्यातील ‘स्तिला’ म्हणजे थेंब हा शब्द नकलाकारांच्या हातून ‘स्तेला’ म्हणजे तारा असा झाला, असे सांगितले जाते, आणि पुढे ‘समुद्रतारा’ हेच विशेषण युरोपभर स्तोत्रांतून गायले गेले. एका वेलांटीच्या जागी एक मात्रा पडली, एवढाच तो फरक.

अधिक गुंतागुंत उच्चाराची आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्यामुळे वाचणाऱ्याला संदर्भावरून शब्द लावावा लागतो. जुन्या हिब्रूत तर स्वरचिन्हेच नव्हती. ती साधारण सातव्या ते दहाव्या शतकांदरम्यान घातली गेली आणि त्या वेळच्या पठणानुसार पहिल्या अक्षराला इकार लागून ‘मिर्याम’ हे रूप कायम झाले. परंतु त्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ज्यूंचा संदेष्टा मोशे याच्या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले, त्यात मोशेच्या बहिणीचे नाव ‘मरियाम’ असे अकाराने लिहिलेले आहे. पहिल्या शतकातील ज्यू समाजात हे मुलींच्या सर्वांत प्रचलित नावांपैकी एक होते आणि तेव्हाचा उच्चारही अकाराचाच होता. ग्रीकांना स्त्रीनामाच्या शेवटचा ‘म’ विभक्ती लावताना अडचणीचा वाटे, म्हणून तो गळून ‘मारिया’ झाले. तरीही ग्रीक शुभवर्तमानांत येशूच्या मातेसाठी ‘मरियाम’ आणि ‘मारिया’ ही दोन्ही रूपे आढळतात.

मराठीत बायबल आणणाऱ्यांपुढे म्हणून दोन वाटा होत्या. 1811 साली श्रीरामपूर (बंगाल) येथे मराठी ‘नवा करार’ छापला गेला, तेव्हापासून अनेक भाषांतरे झाली. आज सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या पाठात जुन्या करारातील मोशेची बहीण ‘मिर्याम’ आहे, तर नव्या करारातील येशूची माता ‘मरीया’. पहिले रूप स्वरचिन्हांकित हिब्रूवरून घेतले आहे, दुसरे ग्रीकवरून. जो ग्रंथ ज्या भाषेत आहे, त्या भाषेला प्रामाणिक राहायचे या नियमाने पाहिल्यास यात चूक काढता येत नाही. ‘मरीया’च्या बाजूने आणखी एक जमेची गोष्ट अशी, की ते नाव मराठी व्याकरणात सहज मुरते. ‘मरीयेला’, ‘मरीयेने’ असे म्हणता येते आणि देवदूताची ‘मरीये, भिऊ नकोस’ ही हाक सीते, गंगे या संबोधनांच्या पंक्तीत अवघडल्यासारखी वाटत नाही. ‘मिर्याम’ला असे काही साधत नाही.

तरी या निवडीची किंमत लहान नव्हती. तांबड्या समुद्रापलीकडे डफ घेऊन नाचणाऱ्या मिर्यामवरूनच पुढच्या साऱ्या मरीयांची नावे आली, हा धागा मराठी वाचकाच्या दृष्टीआड गेला. इंग्रजी बायबलमध्येही हीच दुफळी आहे, त्यामुळे दोष एकट्या मराठीला देता येणार नाही. पण इंग्रजांच्या शेजारी ‘मरियम’ नांदत नव्हती. आपल्याकडे नांदत होती. येशूची माता मरियम ही कुराणात नावाने उल्लेख असलेली एकमेव स्त्री आहे, एकोणिसावी सुरा तिच्या नावाची आहे, आणि अकबराच्या आईची ‘मरियम मकानी’ व जहांगीराच्या आईची ‘मरियम-उझ-झमानी’ या पदव्याही त्याच नावावरून आलेल्या आहेत. मिरजेच्या मोहल्ल्यातील मरियमबीच्या नावाचा पहिला अकार आणि शेवटचा मकार हे दोन्ही त्या जुन्या उच्चाराला ‘मिर्याम’पेक्षा आणि ‘मरीया’पेक्षाही जवळचे आहेत. तयार असलेले हे रूप दोन्ही करारांत घेतले असते, तर एकाच गल्लीतल्या दोन घरांना एकमेकांचे नाव ओळखू आले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘मेरी’ हे इंग्रजी रूप मराठीत आले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि पुढे स्वतः बायबलचे मराठी भाषांतर केलेल्या पंडिता रमाबाईंचे बाप्तिस्म्याचे नाव ‘मेरी रमा’ असे होते. मिरजेत 1894 साली मिशनचा दवाखाना उभा राहिल्यानंतरच्या पिढ्यांत या नावाला ‘बाई’ जोडले जाऊन ‘मेरीबाई’ झाले आणि ते चांगले रुळले. हिंदीत त्याचा अर्थ ‘माझी’ असा होतो, यावरून शाळेत झालेली थट्टा अनेक मेरीबाईंच्या स्मरणात असेल.

मराठीतच आणखी एक गोंधळ या नावाला चिकटतो. सातारा-सांगलीकडील गावांच्या शिवेवर मरीआईचे ठाणे असते. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीपर्यंत पोचवण्याची रीत होती आणि डोक्यावर देव्हारा घेतलेले, अंगावर आसूड ओढणारे पोतराज आजही आठवडी बाजारात दिसतात. ही ‘मरी’ म्हणजे महामारी, तिचा मरीयेशी संबंध नाही. मरियम्मा या नावात तर दोन प्रवाह खरोखरच एकाच ध्वनीवर येऊन मिळतात, कारण केरळातील ख्रिस्ती मरियम्मा ‘मरियम’ला ‘अम्मा’ जोडून झाली आहे आणि तमिळ मुलखातील मारियम्मन ही देवीच्या रोगाशी जोडली गेलेली ग्रामदेवता आहे. मीरा या नावालाही या कुळात ओढण्याचा मोह अधूनमधून होतो. त्याला आधार नाही.

बाहेरच्या जगातील रूपांचा विस्तार मोठा आहे, पण त्यात लक्ष वेधते ती नाव टाळण्याची रीत. आयरिश भाषेत येशूच्या मातेसाठी ‘म्विरे’ हे रूप राखून ठेवले गेले आणि सामान्य मुलींना ‘मॉइरे’ मिळाले. पोलंडमध्ये कित्येक शतके ‘मारिया’ हे नाव मुलींना ठेवणे अनादराचे मानत, म्हणून ‘मारियान्ना’सारखी रूपे चालत. स्पेनमध्ये तिच्या बिरुदांवरून दोलोरेस म्हणजे दुःखे आणि मेर्सेदेस म्हणजे कृपा ही नावे झाली. मोटारीमुळे जगभर पोचलेले नाव त्यांतलेच. वडीलधाऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही म्हणून पर्यायी नाव चालवणाऱ्या आपल्याकडच्या सासरघरांना यात नवखे काही वाटू नये. हवाईच्या भाषेत र नसल्याने तेथे ‘मालिया’ झाले, रशियात लाडाने ‘माशा’. अमेरिकेत 1880 पासून 1946 पर्यंत दरवर्षी मुलींच्या नावांत ‘मेरी’च पहिली होती. इराणात ‘मरियम’ हे एका फुलाचेही नाव आहे. ते फूल म्हणजे मिरजेच्या बाजारात हारात ओवली जाणारी आपली गुलछडी, अर्थात निशिगंध.

अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत नावाला नवे फाटे फुटले ते संगणकामुळे. ‘मरियम’ रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते आणि यंत्र ते पुन्हा देवनागरीत आणताना कधी ‘मर्यम’ करते, कधी ‘मारियम’. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरे आणि सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तलाठ्याने ऐकून लिहिलेले तिसरे, असे झाले की प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि प्रसंगी राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. त्या वेळी पुरावा म्हणून पहिल्यांदा मागितला जातो तो शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावर असते ते पहिलीत नाव घालताना गुरुजींच्या कानावर पडलेले रूप.