फिफो की फेफो? गोडाऊनमधून आधी कुठला माल काढायचा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या गोडाऊनमध्ये विचाराल तर बहुतेक जण 'आम्ही फिफो पाळतो' असंच सांगतील. तरी वर्षाअखेरच्या मोजणीत मुदत संपलेल्या पेट्या निघतातच. फिफो आवकेची तारीख बघतो: आधी आलेला माल आधी बाहेर. फेफो एक्सपायरी बघतो: ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. कारखान्यातून माल बॅचच्या क्रमानेच येत असेल तर दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून गल्लत कळत नाही. दुसऱ्या डेपोतून हलवलेला माल आला की कळते.

समजा ३ मेच्या आवकेतल्या २,४०० पेट्या शिल्लक आहेत, एक्सपायरी ३० नोव्हेंबर. १० मेला डेपोतून आणखी ८०० आल्या, त्यांची एक्सपायरी ३१ ऑगस्ट. रोजची जावक ४० पेट्या. फिफोने आधीचा माल संपायला ६० दिवस लागतात, म्हणजे ८०० पेट्यांची पाळी येते ९ जुलैला. दुकानदार किमान ९० दिवस मुदत शिल्लक मागत असेल तर हा माल २ जूननंतर कुणी घेणारच नाही. फेफोने त्याच ८०० पेट्या २० दिवसांत, मे संपायच्या आत निघून जातात.

परत आलेल्या मालाचंही तसंच. दुकानातून आलेल्या पेटीला फिफोत नवी आवक तारीख मिळते आणि सगळ्यात जुनी पेटी रांगेत शेवटी जाऊन बसते.

म्हणून सरसकट फेफो लावा असं नाही. वाहनांच्या लोखंडी सुट्या भागांना फिफो पुरतो. सीलंट, रंग आणि चिकटद्रव्यांना नाही. द्राक्षांचं प्रकरण वेगळं. पेटीवर एक्सपायरी नसते, पण दिंडोरीहून सकाळी काढून लगेच प्रीकूलिंगला (साठवणीआधी झटपट थंड करायला) आलेला लॉट आणि दुपारभर उन्हात गाडीत थांबलेला लॉट सारखे टिकत नाहीत. दुसरा उशिरा आला तरी आधी काढावा लागतो. त्यासाठी काढणीची वेळ आणि आत घेताना मोजलेलं मण्याचं तापमान लॉटबरोबर नोंदवलेलं हवं. ती नोंद नसेल तर तिथे फेफो म्हणजे निव्वळ अंदाज.

डब्ल्यूएमएसमध्ये, म्हणजे गोडाऊनच्या सॉफ्टवेअरमध्ये, नियम बदलणं सोपं, तारीख बरोबर आत घेणं अवघड. पेट्यांवरच्या जीएसवन-१२८ या प्रमाणित बारकोडमध्ये १० या खुणेनंतर बॅच येते आणि १७ नंतर एक्सपायरी, तीही वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. २६०८०० असेल तर शेवटची दोन शून्यं म्हणजे दिवस दिलेला नाही. ऑगस्ट २०२६ अखेर धरायची. काही सॉफ्टवेअर 'शून्य तारीख' एक दिवस मागे ढकलून ३१ जुलै करतात आणि चांगला माल महिनाभर आधी अडकतो. हाताने टाकलेल्या ०५/०८/२६ मध्ये पाच ऑगस्ट की आठ मे, हा गोंधळ वेगळाच. एक्सपायरीचा रकाना सक्तीचा ठेवा. ती वाचता येत नसेल तो पॅलेट (पेट्या रचलेला पाट) होल्डवर, म्हणजे तूर्त जावक बंद. रिकामी तारीख आत गेली तर क्रमवारीत ती सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली जाते. नियमाचा क्रम: एक्सपायरी, मग आवक तारीख, मग जागा.

आता रॅक, जिथे बहुतेक जण फसतात. ड्राइव्ह-इन रॅकमध्ये (एकाच बाजूने आत जाऊन एकामागे एक पॅलेट ठेवायचा रॅक) शेवटी ठेवलेला पॅलेट आधी निघतो, तिथे फिफोही जमत नाही. उतारावरच्या रोलरच्या रॅकमध्ये फिफो आपोआप पाळला जातो, पण कमी मुदतीचा पॅलेट मागून आला तर तो पुढच्यांच्या मागे अडकतो; फेफो हवा असेल तर एका लेनमध्ये एकच बॅच ठेवा. साध्या सिलेक्टिव्ह रॅकमध्ये कुठलाही पॅलेट थेट काढता येतो. जागा जास्त जाते, पण मिश्र मुदतीच्या मालाला तोच बरा.

आणि पिकिंगला, म्हणजे माल उचलताना, जागेचा बारकोड स्कॅन करून भागत नाही. बॅचचाही करायला लावा. नाहीतर माणूस हाताशी असलेली पेटी उचलतो आणि स्क्रीनवर मात्र फेफो बरोबर दिसतो.