बागकाम (छंद व व्यवसाय)

बागकाम : शोभेसाठी, फळाफुलांसाठी किंवा निव्वळ आवडीने मर्यादित जागेत झाडे लावणे, वाढवणे व राखणे. शेती आणि बागकाम यांतला फरक क्षेत्रफळापेक्षा एकेका झाडाला मिळणाऱ्या लक्षावर ठरवणे अधिक सोयीचे. हे काम कोणत्याही वयात सुरू करता येते व ते प्रकृतीला मानवते, असे सर्रास म्हटले जाते. विधान बऱ्याच अंशी खरे आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ नेहमी दिले जाणारे दाखले मात्र तपासून घ्यावे लागतात.

शब्द व प्राचीनता : ‘बाग’ हा शब्द फारसी, ‘उद्यान’ संस्कृत. ‘माळी’ हा शब्द ‘माला’पासून आला, म्हणजे व्यवसायाचे नाव झाडावरून न पडता माळेवरून पडले. ‘कलम’ (लेखणी, तसेच एका झाडाचा भाग दुसऱ्या झाडावर जोडण्याची रीत) अरबी-फारसीतून आला असून त्याचे मूळ ग्रीक ‘कालामोस’ (बोरू) या शब्दात असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. बोरू आणि कलमकाडी दोन्ही तिरक्या कापाने तासतात, त्यावरून एकच शब्द दोन्हीकडे रुळला असावा.

कलमाची सुरुवात कुठे झाली, हा वाद जुना आहे. मेसोपोटेमियातील मारी येथील सुमारे इ. स. पू. १८०० च्या एका मृत्तिकालेखात द्राक्षवेलीच्या कलमाचा उल्लेख असल्याचे काहीजण सांगतात. पण ते वाचन सर्वमान्य नाही. ग्रीक वैद्य हिप्पोक्राटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहातील इ. स. पू. पाचव्या शतकाच्या सुमाराचा उल्लेख अधिक स्पष्ट असल्याने निश्चित पुरावा तिथून धरणे बरे. ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रॅस्टसच्या वनस्पतिविषयक लेखनात तपशील वाढतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) वृक्षायुर्वेदावर (झाडांची लागवड व निगा यांच्या शास्त्रावर) स्वतंत्र अध्याय असून त्यातही कलमाची रीत येते. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा ग्रंथ साधारणतः दहाव्या शतकातील समजला जातो. काहींच्या मते तो आणखी नंतरचा.

कलमाच्या अनेक प्रकारांपैकी डोळा (कळीसारखा कोंब) भरणे हा प्रकार हौशी माणसालाही साधतो. खुंटाच्या (ज्यावर कलम करायचे त्या झाडाच्या) सालीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा काप घेऊन साल हलकेच उचलतात आणि आत ढालीच्या आकाराचा डोळा सरकवून पट्टी बांधतात. डोळा उघडा ठेवतात व त्याखालचा पानाचा देठही थोडा राखतात. दोनतीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावून पाहायचे. देठ अलगद गळून पडला तर डोळा धरला. सुकून तिथेच चिकटून राहिला तर काम फुकट गेले. या छंदाची ओढ बरीचशी अशा प्रतीक्षेत असावी, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. निकाल उशिरा लागतो आणि तो डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो.

वय : लहान मुलांना मुळ्यासारखे पीक सोयीचे, कारण बी चारसहा दिवसांत उगवते आणि महिनाभरात मुळा उपटता येतो. फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ (बालोद्यान) हे नाव दिले. नाव रूपकात्मक असले, तरी त्यांच्या योजनेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा आणि सर्वांचे सामायिक वाफेही होते.

उलट टोकाला इंग्रज उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) यांचे उदाहरण देतात. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे. दृष्टी फार अधू झाल्याने १८९१ च्या सुमारास चित्रकला व भरतकाम सोडावे लागले आणि पुढे त्यांनी सुमारे ४०० बागांचे आराखडे केले. मात्र पन्नाशीला टेकल्यावर त्या अचानक बागेकडे वळल्या, असा जो ग्रह आहे तो बरोबर नाही. बाग त्या कितीतरी आधीपासून करत होत्या.

आरोग्यविषयक दावे : बेंजामिन रश या अमेरिकी वैद्याने १८१२ मध्ये मनोरुग्णांना बागकाम सुचवले, आणि उद्यानोपचाराचा (बागकामातून केल्या जाणाऱ्या उपचाराचा) आरंभ तिथून झाला, असे अनेक लेखनांत आढळते. मूळ मजकूर वेगळा आहे. रुग्णालयात लाकडे तोडणारे, विस्तव पेटवणारे व बाग खणणारे पुरुष, तसेच धुणे, इस्त्री व फरशी घासणे ही कामे करणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा बऱ्या होतात. ज्यांना दर्जामुळे अशी कामे करावी लागत नाहीत ते मात्र खितपत पडतात, असे निरीक्षण रश नोंदवतात. यात बाग ही अनेक श्रमांपैकी एक आहे. वाक्याचा रोख श्रमावर आहे, त्यामुळे ते उद्यानोपचाराचे मूळ म्हणून पुढे करणे ओढूनताणून वाटते. फरशी घासण्याचे श्रेय कोणी मागितलेले नाही, हेही लक्षात घ्यावे.

रॉजर उलरिख यांच्या १९८४ च्या अभ्यासाचेही असेच होते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेले. पण ते झाडे नुसती पाहत होते. कोणी खुरपे हाती धरले नव्हते. प्रत्यक्ष बागकामाचा पुरावा म्हणून नेदरलँड्समधील २०११ चा प्रयोग अधिक ग्राह्य. त्यात ताण देणाऱ्या कामानंतर ३० जणांपैकी काहींनी अर्धा तास बागकाम, तर काहींनी घरात वाचन केले. कॉर्टिसॉल (ताणात वाढणारे संप्रेरक) दोन्ही गटांत उतरले. बागकाम करणाऱ्यांत अधिक. तथापि सहभागी सगळे आधीपासूनच बाग राखणारे होते, ही मर्यादा राहतेच.

धोकेही आहेत. मातीतून धनुर्वाताची बाधा होऊ शकते. कुंडीत भरायच्या तयार मिश्रणात लीजिओनेला लाँगबीची हा जीवाणू असू शकतो व त्यामुळे न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी विशेषतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधल्या आहेत. पिशवी उघडताना तोंड लांब ठेवावे, मिश्रण आधी ओलवून घ्यावे आणि नंतर हात धुवावेत.

व्यवसाय : रोपवाटिका, उद्यानरचना, वृक्षनिगा, वनस्पतिउद्याने व उद्यानोपचार ही मुख्य क्षेत्रे. पूर्वी प्रवेश उमेदवारीनेच होई आणि लवकर होई : जोझेफ पॅक्स्टन १८२६ मध्ये वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी इंग्लंडमधील चॅट्सवर्थ या जमीनदारी वाड्याचे प्रमुख माळी झाले आणि १८५१ च्या क्रिस्टल पॅलेस या लंडनमधील काचेच्या प्रदर्शनगृहाच्या आराखड्यापर्यंत पोहोचले. स्त्रियांना वेतनी काम उशिरा मिळाले. लंडनच्या क्यू उद्यानात १८९६ मध्ये पहिल्या स्त्री-माळी रुजू झाल्या, त्याही पुरुष माळ्यांसारखाच पोशाख घालून.