एमएस-सीआयटी झालं, मग टायपिंग कशाला?

मागच्या उन्हाळ्यात धनकवडीची एक मुलगी आमच्या अभ्यासिकेत आली. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात दहावीपासूनचे सगळे कागद. वडील रिक्षा चालवतात. आईची भिशी लागली तेव्हा त्या पैशातून तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. पोरगी हुशार. लिपिक-टंकलेखक पदाची लेखी परीक्षा पहिल्याच झटक्यात निघाली. कागदपत्र पडताळणीला गेली, तर समोरच्या मॅडम म्हणाल्या, "टायपिंगचं दे." तिने एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र पुढे केलं. "हे नाही गं, टायपिंगचं." तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. क्लासच्या काउंटरवर तिला सांगितलं होतं की यात कॉम्प्युटरचं सगळं येतं, आणि त्या भरवशावर तिने अर्जात "टायपिंग आहे" असं लिहिलं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला.

अशी गोष्ट मी दरवर्षी दोन-तीनदा तरी ऐकतो. चूक मुलांची नाही. दोन्ही कोर्स एकाच गाळ्यात, एकाच संगणकावर चालतात, आणि बाहेरच्या पाटीवर एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली अशी नावं एकाखाली एक लिहिलेली असतात. घरात कुणी कार्यालयात काम केलेलं नसेल तर "कॉम्प्युटरचा कोर्स केला" एवढंच कळतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून एकदा नीट सांगतो.

एमएस-सीआयटी २००१ पासून आहे. तो चालवणारं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, आपल्या पुण्यातलंच. राज्यभरातल्या केंद्रांतून आजवर एक कोटीहून जास्त लोकांनी हा कोर्स केला आहे. यात संगणकाची ओळख होते. फाइल कुठे ठेवायची, वर्डमध्ये अर्ज कसा लिहायचा, एक्सेलमध्ये बेरीज कशी लावायची, ईमेलला कागद कसा जोडायचा, ऑनलाइन पैसे भरताना फसायचं कसं नाही, हे सगळं त्यात येतं. कोर्स दोन-तीन महिन्यांचा, फी साधारण पाच हजारांच्या आसपास. शेवटची परीक्षाही संगणकावरच, प्रश्नाला पर्याय निवडायचे. तुम्ही किती वेगाने लिहिता, हे तिथे कुणी मोजत नाही.

टायपिंगचं पूर्ण नाव शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र परीक्षा. क्लासवाले त्याला जीसीसी-टीबीसी म्हणतात. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि तीही पुण्यातच आहे. शाळेतल्या मुलांची स्कॉलरशिप आणि शिक्षकांची टीईटी घेणारी परिषद ती हीच. पूर्वी पेठांमधल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून यंत्रांची खडखड जिन्यापर्यंत ऐकू यायची, त्या परीक्षेची ही पुढची पिढी. कोर्स सहा महिन्यांचा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा भाषा वेगळ्या, आणि ३० व ४० शब्द प्रति मिनिट असे वेगही वेगळे. यातही पत्र, तक्ता, ईमेल असतं, त्यामुळे गोंधळात भरच पडते. पण परीक्षेचा जीव असतो तो उताऱ्यात. समोर उतारा, घड्याळ चालू, आणि बोटं.

एमएस-सीआयटी तुम्हाला यंत्र ओळखायला शिकवतो आणि टायपिंग तुमचे हात घडवतं. ओळख दोन महिन्यांत होते, हात दोन महिन्यांत घडत नाहीत.

४० शब्द म्हणजे नेमके किती, हे मुलांना सांगितलं की ती गप्प होतात. टायपिंगच्या सर्वसाधारण हिशेबात पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. म्हणजे मिनिटाला २०० ठोके, सेकंदाला तीनाहून जास्त, तेही मान वर ठेवून. त्या मुलीला मी पहिल्या दिवशी कीबोर्डवर बसवलं तेव्हा ती दोन तर्जन्यांनी लिहीत होती. अक्षर शोधायचं, दाबायचं, मान वर करून पडद्यावर बघायचं, पुन्हा खाली. मोबाइलवर मात्र तिचे अंगठे माझ्या दुप्पट वेगाने चालतात! पण ती सवय इथे उपयोगी पडत नाही. मोबाइलवर आपण रोमन अक्षरांत "पुणे" लिहितो आणि फोनच ते देवनागरीत करून देतो.

कीबोर्डवर तेच "पुणे" इन्स्क्रिप्टमध्ये कसं लिहितात बघा. इन्स्क्रिप्ट ही भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेली मांडणी. डावा हात स्वर आणि मात्रा सांभाळतो, उजवा बहुतेक व्यंजनं. एचवर प, जीवर उकार, शिफ्ट धरून सीवर ण, आणि एसवर एक मात्रा. जसं बोलतो त्याच क्रमाने: आधी व्यंजन, मग मात्रा. रेमिंग्टन मांडणी जुन्या टाइपरायटरवरून आली आहे, तिचं तर्कशास्त्र वेगळं. तिथे अक्षर जसं दिसतं तसं जोडायचं. "शिक" लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग श, कारण कागदावर ती आधी दिसते. पुष्कळ अक्षरं अर्धी घेऊन त्यांना काना जोडायचा. दोन्ही मांडण्या येणारे थोडेच, आणि एकीवर बसलेला हात दुसरीवर अडखळतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी क्लासमध्ये विचारा की मराठी कोणत्या मांडणीवर शिकवणार, आणि तुम्हाला द्यायची असलेली परीक्षा कोणती मांडणी चालवते. सहा महिन्यांनी विचारलंत तर हात बदलायला आणखी सहा महिने जातात.

इंग्रजीची सुरुवात अजून तीच. ए-एस-डी-एफ-जी-एफ, मग उजव्या हाताने सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे. पानंच्या पानं. पहिला आठवडा करंगळी दुखते, आणि नेमकी त्याच आठवड्यात मुलं क्लास सोडतात. आमच्याकडे एक जुने सर येतात. ते मुलांच्या हातांवर रुमाल टाकतात, म्हणजे बटणं दिसत नाहीत. मुलं वैतागतात. तिसऱ्या आठवड्यात रुमाल काढला तरी मान खाली जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता नोकरीच्या जाहिरातीकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. सरकारी जाहिरातीत या दोन गोष्टी दोन वेगळ्या कलमांत असतात. लिपिक-टंकलेखकाच्या अर्हतेत पदवीसोबत मराठी टंकलेखन किमान ३० किंवा इंग्रजी किमान ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचं शासकीय प्रमाणपत्र मागतात. कर सहायकाला हे "किंवा" नाही, "आणि" आहे: मराठी ३० आणि इंग्रजी ४०, दोन्ही. ही अर्हता जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत हातात असावी लागते. शिवाय लोकसेवा आयोग आता या पदांसाठी टंकलेखनाची कौशल्य चाचणीही घेतो, म्हणजे नुसता कागद असूनही भागत नाही.

संगणक अर्हतेचं कलम बरंच पुढे, बारीक अक्षरांत असतं. त्यात ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा उल्लेख सापडेल. एमएस-सीआयटी तिथे बसतो. आणि तिथे सहसा असंही लिहिलेलं असतं की हे प्रमाणपत्र नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत मिळवलं तरी चालेल.

हा फरक पैशाच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि काउंटरवर तो कुणी सांगत नाही. ज्याला नोकरीनंतर दोन वर्षं मुदत आहे त्यासाठी मुलं दहावीच्या सुट्टीत घाईने पाच हजार भरतात, आणि जे अर्जाच्या तारखेलाच लागतं ते राहून जातं. म्हणून माझं सरळ मत आहे: लिपिक किंवा कर सहायक व्हायचं असेल आणि घरात एकाच कोर्सचे पैसे असतील, तर आधी टायपिंग करा. क्लासच्या पाटीवर क्रम उलटा असला तरी.

संगणक अर्हतेला स्वस्त वाटही आहे. केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेची सीसीसी, म्हणजे संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाची परीक्षा, त्याच शासन निर्णयाच्या यादीत बसते. अभ्यासक्रम ८० तासांचा, पण क्लास न लावता थेट परीक्षेला बसता येतं. परीक्षा शुल्क ५०० रुपये अधिक जीएसटी. ९० मिनिटांत १०० प्रश्न, ५० टक्क्यांना पास. ज्याच्या घरी किंवा अभ्यासिकेत संगणक आहे आणि ज्याला स्वतः वाचून शिकायची सवय आहे, त्याने हीच वाट धरावी. ज्याने माऊस कधी हातातच धरला नाही, त्याला मात्र मी सीसीसीला एकट्याने पाठवणार नाही. त्याला शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं, आणि एमएस-सीआयटीच्या चांगल्या केंद्रात ते मिळतं. त्या पाच हजारांची खरी किंमत तिथे आहे.

एमएस-सीआयटीने टायपिंगची अट भागत नाही, हे आता कळलं असेल. उलट बाजूने, टायपिंगचं प्रमाणपत्र संगणक अर्हतेत धरतात का, हे पाहायचं असेल तर जाहिरातीत दिलेले शासन निर्णय आणि त्यांची पूरकपत्रं शासनाच्या संकेतस्थळावर उघडून यादी वाचा. ती पानं मराठीतच असतात. कुणाच्या तोंडी शब्दावर राहू नका, माझ्याही नाही.

खासगी नोकरीचं गणित वेगळं. खराडी किंवा हिंजवडीच्या बॅक ऑफिसमध्ये, हडपसरच्या गोदामात किंवा एखाद्या सीएच्या ऑफिसात हे दोन्ही कागद फार कुणी बघत नाही. समोर एक्सेलची शीट उघडतात आणि म्हणतात, यातले दोनदा आलेले नंबर काढून दाखव. इथे एमएस-सीआयटीतली ओळख पहिली पायरी म्हणून कामाला येते, पण पुढचं एक्सेल रोज करूनच येतं. टायपिंगचा हात असेल तर तेच काम अर्ध्या वेळात होतं, म्हणून तोही वाया जात नाही.

पैसे भरण्याआधी आणखी एक चौकशी करा. पुण्यातल्या सारथी संस्थेने एमकेसीएलच्या केंद्रांमार्फत मराठा आणि कुणबी समाजातल्या तरुणांसाठी मोफत संगणक प्रशिक्षण चालवलं आहे. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल तरुणांसाठी असलेल्या अमृत संस्थेची टंकलेखन उत्तीर्ण झालेल्यांना अर्थसाहाय्य देणारी योजना आहे. अटी आणि तारखा त्या-त्या वेळच्या जाहिरातीत असतात. आणि पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव लिहून घ्या. "बेसिक कॉम्प्युटर" किंवा "कॉम्प्युटर डिप्लोमा" असं मोघम लिहिलं असेल तर थांबा. परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे दोनच प्रश्न विचारा. परीक्षा परिषद, एमकेसीएल, नायलिट अशा शासनमान्य संस्थेऐवजी क्लासचंच नाव आलं, तर तो कागद शासकीय जाहिरातीला उपयोगाचा नाही, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत.

ती मुलगी आता सकाळी सातच्या बॅचला येते. मराठी ३० चा फॉर्म भरायचाय. ही परीक्षा सहसा वर्षातून दोनदाच असते, एक फॉर्म हुकला की सहा महिने गेले, म्हणून शेवटची तारीख तिने आईच्या मोबाइलवरही लावून ठेवली आहे. परवा वेग मोजला तेव्हा बावीसवर होती.