‘आउट ऑफ स्टेप’मागची गोष्ट

एप्रिल १९८३ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या मायनर थ्रेट या हार्डकोर (पंकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) बँडची ‘आउट ऑफ स्टेप’ ही रेकॉर्ड आली. लांबी जेमतेम एकवीस मिनिटं. ती काढणारं डिस्कॉर्ड हे लेबल चालवत होती बँडमधलीच मुलं.

डिस्कॉर्डचा जन्म एका मोडलेल्या बँडमधून झाला. इयन मकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेजसेक हे टीन आयडल्समध्ये एकत्र वाजवायचे. शहरातल्याच बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीय तरुणांच्या बँडने त्यांना वेग म्हणजे काय ते दाखवलं होतं. १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्स क्लबमध्ये दारू पिण्याचं वय न झालेल्या पोरांच्या हातावर मार्करने फुली मारायचे आणि आत सोडायचे. घरी परतल्यावर या मुलांनी आपल्याकडच्या क्लबांनाही तेच सुचवलं: फुली मारा, पण गाणं ऐकू द्या. पुढे जगभर नशा न करण्याच्या व्रताची खूण ठरलेली ही फुली मुळात एवढ्यापुरतीच होती.

त्याच वर्षाअखेर बँड फुटला. साठलेले सुमारे सहाशे डॉलर वाटून घेण्याऐवजी त्यांनी आपल्या गाण्यांची रेकॉर्ड छापायचं ठरवलं आणि त्यासाठी डिस्कॉर्ड सुरू केलं. बँड संपलेला, दौरा नाही, जाहिरात नाही, तरी हजार प्रती. पाकिटं हाताने कापून, दुमडून, चिकटवून तयार झाली. हा निर्णय मला आजही विलक्षण वाटतो. आपल्या गावात, आपल्या मित्रांमध्ये जे घडलं त्याची नोंद राहावी, एवढाच त्यामागचा हेतू होता.

मकाय आणि नेल्सन यांनी लगेच मायनर थ्रेट काढला. ध्वनिमुद्रण व्हायचं पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये, डॉन झिएन्टारा यांच्या घराच्या तळघरातल्या इनर इअर स्टुडिओत. १९८१ च्या पहिल्या ईपीवरचं (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) ‘स्ट्रेट एज’ हे गाणं पाऊण मिनिटाचं आहे. नशेपासून दूर राहणाऱ्या एका मुलाने स्वतःबद्दल म्हटलेलं. पण ऐकणाऱ्या अनेकांनी त्याचा पंथ केला, आणि कोण नियम पाळतो, कोण मोडतो यावर पहारे बसू लागले.

‘आउट ऑफ स्टेप’चं शीर्षकगीतही आधी बँडच्या दुसऱ्या ईपीवर येऊन गेलं होतं. दारू, सिगारेट आणि मिरवण्यापुरता शरीरसंबंध यांना त्यात नकार आहे. हा गायकाचा, म्हणजे मकायचा, वैयक्तिक निर्णय आहे, सगळ्या बँडचा फतवा नव्हे, हे गाण्यात स्पष्ट हवं, असा नेल्सनचा आग्रह होता. मकायशी त्याचे खटके उडाले. जानेवारी १९८३ मध्ये ते गाणं नव्याने मुद्रित झालं तेव्हा मध्येच मकाय बोलू लागतो आणि ही नियमावली नाही, असं सांगतो. माझ्या मते या रेकॉर्डचं खरं मोल त्या काही सेकंदांत आहे. आपल्या बोलण्याचा धर्म होतोय हे वेळीच ओळखून, त्याच गाण्यात, त्याच आवाजात तो खोडून काढायला धैर्य लागतं. बाकीची गाणी बहुतांशी तुटलेल्या मैत्रीबद्दल आहेत. मुखपृष्ठावर सिंथिया कॉनली यांनी काढलेली, पांढऱ्या कळपातून उधळलेली काळी मेंढी.

प्रती भराभर खपल्या, पण वितरकांकडून पैसे यायला वेळ लागे आणि पुन्हा छापायला गाठीशी काही नसे. लंडनच्या सदर्न स्टुडिओजचे जॉन लोडर यांनी छपाईचा भार उचलला आणि डिस्कॉर्ड तगलं. बँड मात्र टिकला नाही. पुढे कसं संगीत करायचं यावर मतं फाटली. २३ सप्टेंबर १९८३ रोजी, रेकॉर्ड येऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, मायनर थ्रेटचा शेवटचा कार्यक्रम वॉशिंग्टनमध्येच झाला. त्याच मंचावर गो-गो या शहराच्या स्वतःच्या फंक संगीतप्रकारातला बँड ट्रबल फंकही वाजला.